कड्यापाशी सुटलेलं पॉलिश आणि माझी बाराशे रुपयांची उधारी



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका ताईंनी झोपाळ्याचा फोटो टाकला होता. संखेड्याचा झोपाळा, खांबांवर पितळी कडी, आणि त्या कड्यांच्या वर-खाली पॉलिशमध्ये गेलेली पांढरी रेघ. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. "आजकालचे कारागीर असेच", "उरलेले पैसे मुळीच देऊ नका", "आमच्या आजोबांच्या वेळचं लाकूड बघा" वगैरे वगैरे. मी तेव्हा गप्प बसलो, कारण जे लिहायचं होतं ते चार ओळींत मावणारं नव्हतं, आणि त्यात माझीच बाजू लंगडी पडणार होती. आज लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लाकडावरच्या धातूच्या कड्यापाशी पॉलिश सुटलं, तर दहातल्या आठ वेळा त्यात कारागिराची लबाडी नसते. हट्ट आपला असतो. लाकूड आणि धातू या दोघांवर एकच अखंड काचेसारखा थर हवा, हा तो हट्ट. आणि त्यापायी आपण त्या माणसाचे पैसे अडकवतो. मी अडकवले होते. म्हणून लिहितोय.

झोपाळ्यातलं मला फार कळत नाही. माझा अनुभव आहे तो पूल खेळायच्या काठीचा, म्हणजे क्यूचा. हसू नका. दांडिया बाजारातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात ही काठी आली कुठून, ते सांगतो.

आमचे दादामामा शहरातल्या एका जिमखान्यात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या टेबलापाशी उभं राहून गुण सांगणारा माणूस. पण टेबलाच्या कापडाला ब्रश मारणं, काठीच्या टोकाला चामड्याची टिप बसवणं, मोठ्या साहेबांचा खडू सांभाळणं, ही सगळी कामं त्यांचीच. शाळेला सुट्टी असली की दुपारी मी त्यांच्या मागे मागे जायचो. साहेबमंडळी संध्याकाळी यायची, तोवर आमचं राज्य. तिथल्या क्यू विलायती, एका अखंड काठीच्या, अॅश लाकडाच्या, मुठीकडचा भाग काळ्याभोर एबनीचा. कडं नाही, नक्षी नाही. टोकाला तेवढी टोपी. महिन्यातून एकदा मामा जुन्या धोतराच्या फडक्यावर अळशीचं तेल घेऊन त्या घासत बसायचे. मी एकदा विचारलं, याला वार्निश का नाही मारत? मामा म्हणाले, "बाळ्या, काठीला अंगरखा घालायचा नसतो, तेल चोळायचं असतं." मला वाटलं, जिमखाना कंजूष आहे.

(१९८५ साली अहमदाबादच्या गीत सेठींनी जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, तेव्हा मामा निवृत्त होऊन घरी होते. पेपरातला फोटो बघून त्यांनी सगळ्यात आधी काय म्हटलं असेल? "क्यू धरतो छान.")

मी पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि २०११ च्या जूनमध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या डिसेंबरात न्यू जर्सीहून मुलगा आला तो एक लांबट चामडी पेटी घेऊन. आत अमेरिकन क्यू. "बाबा, तुम्ही मामाआजोबांच्या गोष्टी सांगता ना, आता खेळा." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

काय देखणी वस्तू! दोन तुकड्यांत उघडणारी. पुढचा निमुळता भाग फिकट मेपलचा. मागचा भाग तीन तुकडे जोडून केलेला: वर ठिपक्याठिपक्यांचं मेपल, मधे हात धरायच्या जागी लिननच्या दोऱ्याची गुंडाळी, खाली एबनी. आणि जिथे जिथे तुकडा संपतो तिथे तिथे एक कडं. जर्मन सिल्व्हरच्या दोन बारीक चकत्या आणि त्यांच्या मधे काळ्या-पांढऱ्या टाक्यांसारखी नक्षी. आमची ही म्हणाली, "अगोबाई, काठीला बांगड्या!" वरून असा झगझगीत थर, की नव्या मोटारीच्या बॉनेटची आठवण व्हावी. मुलगा म्हणाला, तिकडे बरेच जण मोटारींवर मारतात तसलाच क्लिअर कोट वापरतात. डोळे मिटून बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं आणि धातू कुठे सुरू झाला, पत्ता लागत नव्हता. सगळ्यांना मी तेच दाखवायचो. बोट फिरवा, बोट फिरवा.

२०१२ चा पाऊस आला आणि मुठीच्या वरच्या कड्यापाशी केसासारखी रेघ दिसली. दिवाळीपर्यंत ती पांढरट, चंदेरी झाली आणि बोटाला खरखर लागायला लागली.

संखेड्याचे एक खरादीभाई तेव्हा शहरात दुरुस्तीची कामं घ्यायचे. संखेडं आपल्यापासून पंचेचाळीस-एक किलोमीटर, डभोईच्या पुढे, ओरसंग नदीवर. लाखेच्या रंगीत फर्निचरचं गाव, आपल्यापैकी निम्म्या घरांत तिथला पाट नाहीतर झोपाळा असेल. भाईंनी क्यू हातात घेतली, डोळ्याजवळ धरली, नखाने कड्याची कड चाचपली आणि म्हणाले, "साहेब, वींटी कोरी राखीए. पॉलिश बे बाजु अटकावी दईए." म्हणजे कडं उघडंच ठेवू, पॉलिश दोन्ही बाजूंना थांबवू.

मी म्हटलं, छे! बोट फिरवलं तर सांधा लागता कामा नये. अमेरिकेतून आलं तेव्हा होतं तसंच्या तसं पाहिजे.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "थशे, पण चोमासुं जोई लेजो."

आता गंमत बघा. "होईल, पण पावसाळा बघून घ्या," हे ते मला बजावत होते. मी बँकेतला माणूस, मला ती गॅरंटी वाटली! पावसाळा काढून बघा आणि मगच बोला, असा मी अर्थ लावला आणि वर त्यावर अट घातली: सत्तावीसशेपैकी पंधराशे आता, उरलेले बाराशे पावसाळ्यानंतर. ते "सारुं" म्हणाले.

२०१३ च्या मार्चमध्ये क्यू परत आली. काम असं की मुलाला फोटो पाठवल्यावर त्याला नवी घेतली की काय वाटलं. सगळा जुना थर उतरवून पीयू मारलं होतं, आरशासारखं. आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी तीच रेघ.

मी फोन केला. काय बोललो ते सगळं लिहीत नाही, पण "तुमच्यासारखी शेकडो माणसं मी टेबलापलीकडे बसून पाहिलीत" असं एक वाक्य होतं. बाराशे मिळणार नाहीत, हेही सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "सारुं साहेब."

एवढ्यावर थांबलो असतो तर आज ही पोस्टही नसती. पण मला त्यांना पुराव्यानिशी खोटं पाडायचं होतं. कॉमर्सवाल्याला हिशेब जमला नाही की झोप लागत नाही. मी एक डिजिटल व्हर्निअर आणला, एक दोनशे पानी वही केली आणि ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मापं घ्यायला लागलो. कड्याचा व्यास एका रकान्यात. कड्यापासून एक सेंटिमीटरवर, जिथे पॉलिश शाबूत आहे, तिथल्या लाकडाचा व्यास दुसऱ्या रकान्यात. पहिल्या दोन महिन्यांत लक्षात आलं, की काठी थोडी फिरवून धरली की आकडा बदलतो. म्हणून तिसरा रकाना केला: काटकोनात फिरवून घेतलेलं माप.

२०१४ च्या मे महिन्यातली नोंद: कडं ३०.०२ मिलिमीटर. लाकूड एका बाजूने २९.९४, दुसऱ्या बाजूने २९.९८.
त्याच वर्षीची सप्टेंबरची: कडं ३०.०२. लाकूड ३०.१६ आणि ३०.०८.

कडं बाराही महिने ३०.०२. एकदा ३०.०३ लिहिलंय, तो माझ्या हाताचा दोष. लाकूड मात्र मे ते सप्टेंबर पाव मिलिमीटरच्या जवळपास फुगलं, आणि फुगताना गोलही राहिलं नाही, जरासं लंबगोल झालं.

पाव मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. मलाही वाटलं. पण पॉलिशचा थर केवढा असतो? साधारण ०.१ मिलिमीटर, आपल्या झेरॉक्सच्या कागदाएवढा. व्यासात ०.२२ चा फरक म्हणजे एका बाजूने ०.११. म्हणजे दरवर्षी कड्याच्या कडेवर तो थर स्वतःच्या जाडीएवढा वर उचलला जातो आणि परत खाली ओढला जातो. एका पायाने पायरीवर आणि एका पायाने होडीत उभं राहिल्यासारखं. जितका थर कडक आणि चकचकीत, तितका तो हे कमी सोसतो.

मग वाचायला लागलो, मुलाकडून तिकडच्या पुस्तकांची पानं मागवली, आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लांबीत ते जवळजवळ हलतच नाही, हलतं ते जाडीत. तेही सगळीकडे सारखं नाही: झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं हलतं, त्याच्या साधारण निम्मं केंद्राकडून बाहेरच्या दिशेने. म्हणून गोल काठी लंबगोल होते. धातूला ओलाव्याशी काही देणंघेणं नाही. उन्हाने तो वाढतो, पण तीस मिलिमीटरच्या कड्यात तीस अंशांचा फरक पडला तरी ते दोन शतांश मिलिमीटरसुद्धा होत नाही. त्यामुळे "उन्हाने फाटलं" हे आपलं आवडतं निदान इथे फारसं खरं नाही. हां, गाडीच्या डिकीत मे महिन्याच्या दुपारी क्यू ठेवली तर आतला गोंदच मऊ पडतो, ते वेगळं.

दुसरं म्हणजे जागा. कडी बसवतात कुठे? जिथे तुकडा तुकड्याला जोडलाय तिथे. सांधा झाकायलाच तर दागिना. तिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, त्याच्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडलेली असतात, आणि ओलावा सगळ्यात झपाट्याने आत-बाहेर होतो तो तिथूनच. काठीत सगळ्यात जास्त हलणारी जागा आणि अजिबात न हलणारी वस्तू, दोन्ही शेजारी शेजारी! त्यातून प्रत्येक फटक्याला काठी थरथरते ती वेगळीच.

तिसरं म्हणजे पकड. लाकडात पॉलिश थोडं मुरतं, त्याला धरायला जागा असते. जर्मन सिल्व्हर गुळगुळीत. (नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते बरं का, तांबं, निकेल आणि जस्त असतं. आमच्या हिला हे सांगितल्यावर तिचा त्या काठीतला रस संपला.) लेथवर चमकवताना लावलेल्या पॉलिशच्या वडीचा चिकटपणा किंवा हाताचं तेल जरा राहिलं, तरी वरचा थर नुसता टेकलेला असतो, चिकटलेला नसतो. आणि लेथवर काचपेपर लावला की मऊ लाकूड जास्त झिजतं, धातू कमी. कडं केसभर वर राहतं आणि त्याच्या धारेवर पॉलिश नेमकं पातळ पडतं. एकदा का तिथे फट पडली की घाम, दमट हवा आत शिरते. थराखाली हवा गेली की तो पांढरा दिसायला लागतो. फोटोत ताईंनी लाल गोल काढून दाखवलेली पांढरी रेघ ती हीच.

यावर कोणी म्हणेल, अहो मग अमेरिकेत हे टिकतं कसं? टिकतं, पण तिथेही ते आपोआप टिकत नाही. चांगले क्यू करणारे आडव्या कापलेल्या लाकडाची तोंडं पातळ इपॉक्सीने बंद करतात, धातू खरवडून, पुसून घेतात, लाकूड महिनोन्‌महिने थोडं थोडं कातून मधे विसावा देतात. आणि वस्तू राहते एअरकंडिशन्ड खोलीत. तरी हिवाळ्यात घर तापवलं, हवा कोरडी पडली, की तिकडच्या खेळणाऱ्यांचीही हीच रड असते. मुलाने सांगितलं, ब्रुकलिनमध्ये जॉर्ज बालाबुष्का म्हणून मोठे क्यू-कारागीर होऊन गेले, मूळचे रशियातले, १९७५ साली वारले. क्यू करायला लागण्याआधी ते लाकडी खेळणी करायचे. हे ऐकून मला संखेड्याची रंगीत खेळणी आठवली आणि उगाच बरं वाटलं.

संखेड्याची आपली जुनी रीत आठवा. पाटाच्या, झोपाळ्याच्या पायांवर कडीच कडी असतात, पण ती कडी लाकडातच कातलेली असतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. सोनेरी नक्षी दिसते तीही सोन्याची नाही, पितळेचीही नाही. कथलाची नक्षी खाली आणि लाख वर, म्हणून सोन्यासारखी दिसते. परकी वस्तूच नाही, तर भांडण कोणाचं कोणाशी? शिवाय लाख गरम केली की पुन्हा वितळते, डागडुजी होते. पीयू एकदा वाळलं की वाळलं, पुढच्या वेळी सगळं खरवडायलाच लागतं. पितळी कडी आणि वरून पीयूची काच, ही मागणी गिऱ्हाइकाची, म्हणजे आपली. कॅटलॉगमधला फोटो दाखवून आपणच म्हणतो, असं पाहिजे.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

१९८१ ते १९८४ मी संखेड्याच्या बाजूच्या एका शाखेत होतो. (संखेडा तेव्हा वडोदरा जिल्ह्यात होतं, छोटा उदेपूर जिल्हा २०१३ मध्ये झाला.) खराद्यांना आम्ही डीआरआयची कर्जं द्यायचो, चार टक्क्यांची. गरिबांसाठीची ही योजना १९७२ पासूनची. हप्ता दरमहा सारखा. आणि दर पावसाळ्यात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे हप्ते थकायचे. मी तपासणीला जायचो, पत्र्याच्या शेडमध्ये संघाडा बंद, अर्धवट पाय भिंतीला टेकवून ठेवलेले. विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, चोमासामां पॉलिश न बेसे." पावसाळ्यात पॉलिश बसत नाही.

माझ्या डायऱ्या मी जपून ठेवतो. वहीतले आकडे बघितल्यावर २०१४ च्या दिवाळीत त्या काढल्या. १९८२ च्या ऑगस्टच्या पानावर माझ्याच अक्षरात: "कारण समाधानकारक नाही." असे तीन जण. तिघांच्याही दुसऱ्या कर्जाची शिफारस मी केली नव्हती. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, बरं का. कोणी बोट ठेवू शकणार नाही. पण त्याच शाखेत, त्याच टेबलावर, शेतकऱ्याचं पीककर्ज आम्ही कापणीनंतर वसूल करायचो. पाऊस, पीक, बाजार, सगळं समजून घेऊन. खराद्याच्या लाकडालाही ऋतू असतो, ते डोक्यातच आलं नाही. त्यांनी सांगितलं होतं की! माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मी ते सबब म्हणून लिहून घेतलं. त्या तिघांपैकी एकाने पुढे संघाडा विकला आणि तो सुरतेला गिरणीत गेला, असं नंतर कानावर आलं होतं. इतर कारणंही असतील. पण ते पान वाचल्यापासून हे मला चिकटलंय.

त्या तिघांना आता कुठे शोधू? ज्यांना शोधता येत होतं त्यांच्याकडे गेलो. २०१५ च्या फेब्रुवारीत बसने डभोईवरून संखेड्याला गेलो, काठीची पेटी खांद्याला आणि खिशात पाकीट. पाकिटात १,२७६ रुपये. बाराशे मूळ, आणि एकोणीस महिन्यांचं चार टक्क्यांनी व्याज ७६. डीआरआयचा दर मुद्दाम लावला होता. त्यातला विनोद मला एकट्यालाच कळणारा होता.

भाई दुकानातच होते. ओळखलं. पाणी दिलं. मी आधी वही काढली आणि आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली, अगदी सावकाश, आणि म्हणाले, "आटलुं लख्युं? मने पूछ्युं होत तो." एवढं सगळं लिहिलंत? मला विचारलं असतंत तर. मग कड्यावर बोट ठेवून, "आ वींटी नथी हलती, लाकडुं हले छे." माझ्या सोळा महिन्यांच्या वहीचा निकाल एका ओळीत.

पाकीट दिलं. त्यांनी नोटा मोजल्या, बाराशे ठेवले आणि ७६ परत माझ्या हातात. "व्याज बेंक ले, खरादी न ले." शेजारचा पोरगा फिस्सकन हसला. मीही हसलो, पण नंतर.

मग क्यूचा मागचा भाग त्यांनी लेथवर चढवला. अणकुचीदार पटाशीने प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना, थराच्या जाडीएवढीच, दोऱ्यासारखी बारीक खाच घेतली. धातूवरचं पॉलिश काचपेपरने उतरवून टाकलं. खाचेत पातळ सीलर पाजला. कडं कोरंच ठेवून वर मेण घासलं. चाळीस मिनिटांचं काम. स्पिरिटने हात पुसताना मला म्हणाले, घाबरू नका साहेब, हे पॉलिशचं आहे. (गुजरातेत स्पिरिट म्हटलं की माणूस आधी इकडेतिकडे बघतो.) दीडशे रुपये घेतले.

त्यानंतर दहाएक पावसाळे गेले. एका जागी, दोन भाग जिथे स्क्रूने जोडतात तिथे, परत जरा पांढरं झालंय, बाकी ठीक. कडी काळवंडतात, मग फडक्याने पुसून मेण लावतो. बोट फिरवलं की खाच लागते. लागू दे.

तर ताई, तुमच्या झोपाळ्याबद्दल. आधी हे बघा: कडं हाताने हलतं का, वाजतं का? हलत असेल तर गोंद कच्चा, ते त्यांच्याकडून करून घ्या, तो तुमचा हक्क आहे. कड्यापासून लांब, मधल्या लाकडावरही पॉलिशचे पापुद्रे निघतायत का? निघत असतील तर खालची तयारी नीट झालेली नाही, तेही त्यांच्याच खात्यावर. पण कडं घट्ट आहे, बाकी सगळं छान आहे आणि पहिल्याच पावसाळ्यात फक्त कड्याच्या कडेने रेघ आली असेल, तर ती तुमच्या खात्यावर टाका आणि त्या माणसाचे पैसे देऊन टाका. दुरुस्ती आत्ता नका करू, लाकूड फुगलेलं आहे. दिवाळीनंतर करा, आणि करताना त्यांना विचारा की तुम्हाला कसं करावंसं वाटतं. ते म्हणतील तसं करा.

आणि इतरांना, विशेषतः "पैसे देऊ नका" लिहिणाऱ्यांना: आपल्यापैकी बरेच जण बँकेत, शाळेत, सरकारात होतो. पहिल्या तारखेला पगार झाला नाही असं आपल्याला कधी माहीत नाही. पाऊस पडला म्हणून आपला पगार कोणी अडवला होता का? खराद्याचा आपण अडवतो, आणि वर ग्रुपवर फोटोही टाकतो. मला हे पटत नाही. कोणाला राग आला तर फोन करा, भांडू.

वही अजून चालू आहे. सूनबाईला वाटतं सासरे बीपी लिहून ठेवतात. परवाच्या १ तारखेची नोंद: लाकूड ३०.१४ आणि ३०.०७. कडं ३०.०२.

चू. भू. द्या. घ्या.